अकोटच्या तीन आगी

ठराव आधीच टाइप झालेला होता. फक्त सह्या व्हायच्या होत्या.

अकोल्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चार विमा कंपन्यांचे चार ब्रँच मॅनेजर बसले होते. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. टेबलावर चहा होता, उरलेला चिवडा होता आणि तो कागद. मी एका टोकाला मिनिट्स लिहायला बसले होते. कागदावर दोनच ओळी होत्या. अकोट तालुक्यातल्या कोणत्याही जिनिंग फॅक्टरीला या सीझनमध्ये कोणत्याही कंपनीने आगीचा विमा देऊ नये. खाली आमच्या संघटनेचा शिक्का मारायला जागा सोडलेली.

‘आमची संघटना’ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मी इतकी वर्षं नोकरी केली तरी माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. आयुर्विमा वेगळा. तो माणसाचा, आणि पुष्कळ वर्षांचा. बाकीचा विमा, म्हणजे दुकानाचा, गोदामाचा, ट्रकचा, कारखान्याचा, हा बहुतेक एका वर्षाचा असतो. वर्ष संपलं की पॉलिसी संपली. हा थोड्या मुदतीचा धंदा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून एक संघटना केलेली होती. ती स्वतः विमा विकायची नाही. कंपन्या एकमेकींचे ग्राहक पळवायच्या, एकमेकींबद्दल वाईट बोलायच्या. पण काही गोष्टी सगळ्यांनाच लागायच्या. कोणत्या इमारतीला किती धोका, कोणत्या कारखान्यात पाण्याची टाकी हवी, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने रिपोर्ट कसा लिहायचा, दोघांत वाद झाला तर कुठे बसायचं. ते काम आमचं. मी तिथे इन्स्पेक्शन इंजिनिअर होते. कारखान्यात जायचं, शिडीवर चढायचं, धोका बघायचा आणि लिहायचा.

ऑफिस अमरावतीला राजकमल चौकाजवळ, एका कापड दुकानाच्या वर. तीन खोल्या. एक फॅक्स मशीन, एक कॉम्प्युटर, त्याला दिवसभर झाकण. खालच्या दुकानदाराने नव्या साड्यांचा गठ्ठा फोडला की कोऱ्या कापडाचा वास जिन्यातून वर यायचा. चार वाजता कोणीतरी गिला वडा आणायचं आणि मग पाच मिनिटं फायली बंद. आज ते आठवलं की वाटतं, इतक्या कमी सामानात आम्ही केवढा मुलूख सांभाळत होतो.

तर ती मीटिंग. आदल्या सीझनमध्ये अकोटला तीन जिनिंग पेटल्या होत्या. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. जुने लोक त्या मशीनला रेचा म्हणत. तीन जिनिंगचा विमा तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होता. तिन्ही सर्व्हेअरनी साधारण एकच वाक्य लिहिलं होतं, कारण निश्चित सांगता येत नाही. ज्या आगीचं कारण सापडत नाही ती मालकाने लावली असं म्हणायला आमच्या धंद्यात वेळ लागत नाही. त्या वर्षांत तर नाहीच. कापसाचा भाव पडलेला, बाजार बसलेला. वऱ्हाडाबद्दल बाहेरच्या पेपरात वाईटच छापून यायचं.

“भाव पडला की जिनिंग पेटते,” बापट साहेब म्हणाले. ते पुण्याहून बदलून आले होते आणि चौघांत सीनियर होते. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी, स्वच्छ हिशेब. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मते प्रश्न सोपा होता. एका कंपनीने नाही म्हटलं तर ग्राहक दुसरीकडे जातो. सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं तर कुठेच जात नाही. आणि सगळ्यांना एकदम नाही म्हणायला लावायचं तर संघटना हवी.

आमचे सेक्रेटरी खानझोडे साहेब मूळचे चांदूर बाजारचे. जाड भिंगांचा चष्मा, हळू बोलणं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले की, संघटनेच्या शिक्क्याखाली पाहणीचा रिपोर्ट लागतो. इंगोले मॅडम, म्हणजे मी, जाऊन येतील. पुढच्या सोमवारी इथेच बसू.

“रिपोर्टमध्ये वेगळं काय येणार?” बापट साहेबांनी विचारलं.

“वेगळं नाही आलं तर शिक्का मारतो,” खानझोडे साहेब म्हणाले.

बाहेर जीपपाशी आल्यावर ते माझ्याशी घरच्या बोलीत बोलले. “मॅडम, दरवाजा बंद कराले शिपाई पुरते. तो किती उघडायचा हे सांगाले आपल्याले ठेवलं हाय.” एवढं बोलून ते गाडीत बसले आणि अमरावतीपर्यंत झोपले.

मला झोप आली नाही. विमा नाही म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. विम्याचा कागद नसेल तर बँक कापूस खरेदीला पैसे देत नाही. मग जिनिंग चालत नाही. अकोटसारख्या गावात जिनिंगची शिट्टी वाजली नाही की हमालांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा हिवाळा रिकामा जातो. मी मोर्शीची, आमच्याकडे संत्र्याचा बगीचा. पण माझं आजोळ कापसाच्या गावातलं. कापूस वेचून आलेल्या बायांच्या ओच्यातून बोंडांचा सुकलेला पाला पडायचा, त्या अंगणात मी वाढले.

मी आधी तिन्ही आगींच्या फायली मागितल्या. इथेच पहिली अडचण आली. एकही कंपनी द्यायला तयार नव्हती. बापट साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं की आमची फाइल संघटनेकडे गेली म्हणजे उद्या ती शेजारच्या कंपनीच्या टेबलावर दिसेल. त्यात ग्राहकाचा सगळा कच्चा-पक्का हिशेब असतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. असे प्रकार झालेले होते.

खानझोडे साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. “साहेब, मला तुमचा ग्राहक नको,” ते म्हणाले. “मला फक्त तुमची आग पाहिजे. ग्राहकाची पानं काढून ठेवा आणि उरलेली पाठवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या पार्सलने फाइल आली. एकाने दिली म्हटल्यावर बाकीच्या दोघांनीही दिल्या. साहेबांनी तिन्ही फायली स्वतःच्या कपाटात ठेवल्या. कुलूप त्यांनी लावलं आणि किल्ली मला दिली.

मी तिन्ही फायली जमिनीवर पसरल्या आणि मांडी घालून बसले. त्याआधी त्या कोणीही शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पाहणार कसं? एकेका सर्व्हेअरने एकेकच आग पाहिली होती. पहिल्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती, की धूर प्रथम रुई साठवायच्या हॉलमध्ये, ढिगाच्या आतून दिसला. दुसऱ्यात मशीनवरच्या माणसाचा जबाब होता, की आदल्या पाळीला मशीनमधून ‘टण’ असा आवाज आला होता. सर्व्हेअरने पुढे कंसात लिहिलं होतं, असंबद्ध. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी होत्या, धूर ढिगाखालून आणि आवाज काही तास आधी. आणि तिन्ही ठिकाणी गेटच्या नोंदीत एक शब्द होता. खेडा खरेदी.

खेडा खरेदी म्हणजे व्यापारी गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या दारातच कापूस विकत घेतो ती. पूर्वी शेतकरी स्वतः गाडी भरून बाजारात आणायचा. त्या वर्षांत सरकारी केंद्रं उशिरा उघडायची, चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, उशिरा मिळायचे, म्हणून लोक दारातच कापूस देऊन मोकळे होऊ लागले होते. पण खेडा खरेदीने आग कशी लागेल? ते मला कळेना. फायलीत त्याचं उत्तर नव्हतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी अकोटला गेले. अंजनगावच्या पुढे दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात पांढरा कापूस फुटलेला. डावीकडे-उजवीकडे बघितलं तर संकट कुठेच दिसायचं नाही. इतका सुंदर दिसायचा तो मुलूख.

मी रशीदसेठच्या जिनिंगमध्ये गेले. तीनपैकी पहिली आग त्यांची, आणि विमा बापट साहेबांच्या कंपनीचा. आठ-नऊ महिने झाले तरी क्लेम अडकलेला होता, कारण कंपनीला संशय होता. आगीच्या महिनाभर आधी सेठनी विम्याची रक्कम वाढवून घेतली होती आणि आग लागली तेव्हा ते गावात नव्हते. संशयाला आणखी काय लागतं?

सेठ साठीच्या पुढचे. पांढरा कुर्ता, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी मला कडुनिंबाखाली खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला आणि म्हणाले की सगळं पाहून घ्या, आमी काई लपवून नाई राहिलो. जळालेला हॉल त्यांनी पत्रे टाकून पुन्हा उभा केला होता. विमा नसल्याने फक्त दोन मशिनी सुरू होत्या, आपल्या जबाबदारीवर.

मी संशयाचं काही विचारलं नव्हतं. त्यांनीच विषय काढला. आग लागली त्या दिवशी ते अकोल्याला भावाच्या मयतीत होते. भावाला माती देऊन कबरस्तानातून बाहेर आले तेव्हा निरोप मिळाला.

“लोक सलाम करतात, मॅडम,” ते म्हणाले. “पन डोयात पायत नाईत. तुमची कंपनी पैसे देईन का नाई, ते अल्ला जाने. मले ते एवढं नाई लागत. माह्या बापानं उभी केली ही जिनिंग. मी कावून पेटवीन?”

मी वही उघडली आणि कामाला लागले.

पहिल्या दोन तासांत काहीच सापडलं नाही. वायरिंग नवीन होतं. मोटारी स्वच्छ होत्या. विडी-काडी गेटवरच काढून घेत होते. मी छतावर चढले, खाली उतरले, पाण्याची टाकी मोजली. मग कापूस उतरवायच्या ओट्यावर बसले, कारण पाय दुखत होते.

ओट्यावर सात-आठ बाया पोती उघडत होत्या. खताची जुनी प्लॅस्टिकची पोती, त्यांत दाबून भरलेला कापूस. पोतं उघडायचं, कापूस ओट्यावर ओतायचा, तिथून एका मोठ्या पत्र्याच्या पाइपने हवा तो ओढून मशीनकडे न्यायची. त्या बायांत सुमनबाई म्हणून एक होती, चाळिशीची. तिच्या तीन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. शेजारच्या बाईच्याही बोटांना होत्या. मी सहज विचारलं, बोटाले काय झालं?

“तार लागते,” ती म्हणाली.

“कोणती तार?”

तिने पोतं माझ्यापुढे ओढलं. पोत्याचं तोंड सुतळीने नाही, बांधकामाच्या बारीक लोखंडी तारेने आवळलेलं होतं. तिने विळ्याने तारेला हिसका दिला. तार तुटली. एक लांब तुकडा तिच्या हातात राहिला आणि दोन-तीन बारीक तुकडे कापसात गेले.

सुमनबाईने सांगितलं की पूर्वी कापूस गाडीत मोकळाच यायचा. पोतं आलंच तर सुतळीने बांधलेलं. आता व्यापारी खेड्यातून पोत्यांनी आणतो. ट्रकमध्ये पोती एकावर एक रचतात, सुतळी सुटते म्हणून तार. मी विचारलं, तारेचे तुकडे कुठं टाकता?

तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. “टाकत नाई, मॅडम. पडते.”

मी उठून चांद मिस्त्रींना शोधलं. ते तिथले फिटर, त्या मशिनी त्यांच्या हाताखाली जुन्या झालेल्या. मी त्यांना ‘टण’ आवाजाबद्दल विचारलं. ते म्हणाले की कधी कधी येतो. गोटा असेल म्हणून कोणी लक्ष देत नाही.

गोटा असेल किंवा तार असेल. पण लोखंड मशीनच्या फिरत्या पोलादावर आपटलं की ठिणगी उडते, आणि ती ठिणगी रुईवर बसून हॉलमध्ये जाते. कापसाची आग लगेच भडकत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ती ढिगाच्या आत धुमसत राहते. चार तास, सहा तास. पाळी बदलते, माणसं बदलतात. मग धूर दिसतो तेव्हा तिथे ना वायर असते, ना विडी, ना कोणी माणूस. सर्व्हेअर येऊन लिहितो, कारण निश्चित सांगता येत नाही.

मला कळलं होतं, पण कळणं म्हणजे पुरावा नाही. मी मिस्त्रींना विचारलं की चुंबक मिळेल का, मोठं. त्यांनी थोडा विचार केला. त्यांच्या मेहुण्याचा लाउडस्पीकरचा धंदा होता. संध्याकाळच्या आत त्यांनी दोन फुटके भोंगे आणून त्यांतली चुंबकं काढली, लोखंडी पट्टीवर घट्ट बसवली आणि ओट्यावरच्या पाइपच्या वळणात, साफसफाईच्या झडपेतून आत बसवून दिली. मी शेवटच्या एसटीने परत आले.

शुक्रवारी दुपारी पुन्हा अकोट. मिस्त्रींनी झडप उघडली. चुंबकावर तारेच्या तुकड्यांची दाढी उगवली होती. तारा, दोन बारीक खिळे, ब्लेडचा अर्धा तुकडा, बैलाच्या नालेचा एक खिळा. सेठनी एक तुकडा उचलून पाहिला. मग कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले आणि आत निघून गेले.

सोमवारी अकोल्याला तोच हॉल, तेच चौघे, तोच कागद. मी माझा रिपोर्ट वाचला. मग तुकड्यांनी भरलेला स्टीलचा डबा उघडून टेबलावर पुढे सरकवला. तिघांनी वाकून पाहिलं. बापट साहेबांनी पाहिलं नाही.

“एक विचारू?” ते म्हणाले. “हे तिथे मुद्दाम जमवून ठेवलं नव्हतं कशावरून?”

मला राग आला होता, पण प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता. मी म्हटलं, उद्या चला. पोती तुम्ही निवडा.

ते आले. मंगळवारी त्यांच्याच जीपमधून आम्ही अकोटला गेलो. त्यांनी गेटवर थांबलेल्या एका ट्रकमधली पोती स्वतः बोट दाखवून निवडली. चुंबक स्वतः रुमालाने पुसलं, झडपेवर कागद चिकटवून सही केली आणि ओट्यासमोर लोखंडी खुर्ची टाकून बसले. अडीच तास. ऊन अंगावर आलं तरी हलले नाहीत. सुमनबाईने त्यांना ओट्यावर सावलीत येऊन बसा असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की साहेब, डोकं तापलं तर ऊन ओढून घ्याले इथं चुंबक नाई. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बापट साहेबांना ते नीट कळलं नसावं, पण तेही थोडे हसले आणि सावलीत येऊन बसले.

झडप त्यांनीच उघडली. आत पाहिलं. मग खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि सेठकडे वळले.

“एक राहिलं,” ते म्हणाले. “आगीच्या महिनाभर आधी तुम्ही रक्कम का वाढवली?”

“माल वाढला म्हनून,” सेठ म्हणाले. “खेडा खरेदीचा माल पयल्यांदाच घेतला व्हता. तुमच्याच एजंटनं चिठ्ठी देल्ली, का सेठ, माल वाढला तं रक्कम वाढवा.”

“चिठ्ठी आहे?”

चिठ्ठी होती. आगीत ऑफिसची खोली वाचली होती. सेठनी कपाटातून ती काढून दिली, कंपनीचं लेटरहेड, एजंटची सही. बापट साहेबांच्या फाइलमध्ये तिची प्रत असायला हवी होती. ती नव्हती. एजंटाने चिठ्ठी दिली होती आणि ऑफिसात कळवायचं राहून गेलं होतं. ज्या नव्या मालामुळे रक्कम वाढली त्याच मालातून तार आली होती. संशय आणि आग, दोन्हीचं कारण एकच निघालं.

बापट साहेबांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी परत दिली. “सेठ, चूक आमची आहे,” ते म्हणाले. “मला माफ करा.”

सेठनी त्यांचा हात धरला आणि चहा सांगितला.

परतीच्या वाटेवर अंजनगावला चहासाठी थांबलो तेव्हा बापट साहेब मला म्हणाले की पंचवीस वर्षांत मी कोणाची माफी मागितली नव्हती, सवय नसल्यामुळे नीट जमली की नाही कळत नाही. मी म्हटलं, जमली.

त्या बुधवारी तो दोन ओळींचा ठराव रद्द झाला आणि दोन पानांचा नवीन झाला. प्रत्येक जिनिंगने कापसाच्या पाइपमध्ये चुंबक बसवायचं. तारेने बांधलेलं पोतं गेटवरच घ्यायचं नाही. रुईचा ढीग ठरलेल्या उंचीच्या वर रचायचा नाही, दोन पाळ्यांमध्ये एक माणूस ढिगावर हात फिरवून गरम लागतं का पाहील. पाण्याची टाकी भरलेली. पाहणी संघटनेची. ज्या जिनिंगला आमचं पत्र मिळेल तिचा विमा चारही कंपन्यांनी मिळून घ्यायचा, म्हणजे आग लागलीच तर भार एकीवर पडणार नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तीन तास वाद झाला. कोणाचा हिस्सा किती, पॉलिसीवर नाव कोणाचं वर. खानझोडे साहेबांनी तिन्ही तास मान हलवली आणि शेवटी नावं वर्णानुक्रमाने लिहिली. शिक्का त्यांनी स्वतः मारला.

पुढचे दीड महिने मी अकोटच्या एसटीतच राहत होते म्हटलं तरी चालेल. एकेक जिनिंग, एकेक शिडी. चांद मिस्त्रींच्या मेहुण्याने विदर्भातले फुटके भोंगे गोळा केले. एका मालकाने टाकी बांधायला नकार दिला. त्याची जिनिंग त्या वर्षी उघडली नाही आणि पुढेही नाही. मशिनी विकल्या गेल्या. मी त्याच्याकडे आणखी एकदा जायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. बाकीच्या चालल्या. त्या सीझनमध्ये एका ठिकाणी ढीग गरम लागला, माणसांनी तो ओढून मोकळा केला आणि बादल्यांनी विझवला. क्लेम आलाच नाही.

रशीदसेठचा क्लेम होळीच्या आधी मंजूर झाला. त्यांनी पेढ्यांऐवजी ऑफिसला केळीचा अख्खा घड पाठवला, अकोटची केळी. आम्ही आठवडाभर खात होतो. सुमनबाईची बोटं बरी झाली की नाही ते मला माहीत नाही. व्यापारी पुन्हा सुतळी वापरू लागले, एवढं खरं.

नंतर काळ बदलला. दर ठरवायला प्रत्येक कंपनी मोकळी झाली. जिची तिची पाहणी, जिचा तिचा दर. आमचं अमरावतीचं ऑफिस बंद झालं. फायली टेम्पोत भरून नागपूरला गेल्या, कापड दुकानाने ती जागा घेतली. खानझोडे साहेब आता नाहीत. बापट साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि दिवाळीला पत्र पाठवत राहिले. मी कधी राजकमल चौकातून जाते तेव्हा वर बघते. तिथे आता मॅनिकिन उभे असतात, जिथे आम्ही उभं राहून गिला वडा खायचो.

तरुण अधिकारी कधी विचारतात की संघटना नक्की काय करायची. मी त्यांना सांगते की आम्ही चौघांना एका खोलीत बसवायचो, फायली शेजारी-शेजारी ठेवायचो आणि शिक्का जरा उशिरा मारायचो. त्यांना हे काम वाटत नाही. मग मी त्यांना एवढंच शिकवते, की रिपोर्टमध्ये ‘कारण निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिण्याआधी शेजारच्या कंपनीला एक फोन करा. बहुतेक वेळा कारण असतं. विचारायचं राहिलेलं असतं.